दयेचा खर्च कोणाच्या खात्यावर?



पौष वद्य एकादशी जवळ आली की निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराच्या वाटेला दिंड्या लागतात. आषाढीचा पाऊस वेगळा आणि ही पौषाची थंडी वेगळी. निफाड तालुक्यात तर पारा असा उतरतो की द्राक्षाच्या बागा वाचवायला शेतकरी पहाटे बांधावर शेकोट्या पेटवतात. त्याच दिवसांत, त्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरला आणखी एक यात्रा भरलेली असते. तिला टाळ नाही, पताका नाही, पण वाट ठरलेली, मुक्काम ठरलेला, वेळही ठरलेली. लडाख-तिबेटाकडून, त्याही पलीकडच्या प्रदेशांतून पाखरे येतात, हिवाळा काढतात आणि ऊन तापू लागले की माघारी जातात. त्यांच्या निमित्ताने तिथे पक्षी महोत्सव होतो. वनखाते असते, गावकरी असतात, शाळांची मुले असतात, शहरातले पक्षीमित्र मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन पहाटेच मनोऱ्यावर चढतात.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘बुवा, उत्सव देवाचा असतो, संतांचा असतो. पाखरांचा कसला उत्सव?’ हा पूर्वपक्ष मला फार अवघड वाटत नाही. माउलींनी कावळ्याला शकुन विचारला. वाल्मीकींचे काव्य क्रौंचाच्या जोडीतला एक व्याधाच्या बाणाने पडला त्या शोकातून जन्मले. आणि सोळाव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी केलेले ज्ञानसूर्याचे वर्णन आठवा. तिथे बुद्धी आणि बोध ही चक्रवाकाची जोडी झाली आहे. भेदाच्या नदीच्या दोन काठांवर ती दोघे रात्रभर एकमेकांसाठी ओरडतात आणि सूर्य उगवला की त्यांची भेट होते. हा चक्रवाक नुसता पोथीतला नाही बरे का. दालचिनीच्या रंगाचे अंग आणि फिकट डोके असलेला तो पक्षी नांदूरमध्यमेश्वरच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात जोडीने बसलेला दिसतो. ज्याने आयुष्यभर सोळावा अध्याय वाचला त्याने एकदा तो डोळ्यांनी पाहिला तर पारायणात उणेपणा येत नाही. तेव्हा पहिला आक्षेप इथेच सोडू.

दुसरा आक्षेप मात्र सोपा नाही. तो देवघरातून येत नाही, शेतातून येतो. शेतकरी विचारतो, ‘महाराज, तुम्ही दुर्बीण लावून आनंद घेता तो तुमचा. पाखरू खाते ते माझे. मग दया तुमची आणि दाणे माझे, असे कसे?’

वाचकहो, या प्रश्नावरून घाईने पुढे जाऊ नका. भूतदया हा आपल्या संप्रदायाचा कणा आहे. आपण ती गळ्यातल्या माळेबरोबर घेतली. पण दया म्हटली की तिला खर्च असतो, आणि तो खर्च कोणाच्या खात्यावर पडतो हे आपण क्वचितच विचारतो.

नांदूरमध्यमेश्वरचेच पाहा. तिथे इंग्रजी अमदानीत, शंभर वर्षांपूर्वी, कालव्यांसाठी बंधारा बांधला. दोन नद्यांनी आणलेला गाळ त्याच्या पाठीमागे साचत गेला. त्या गाळाची बेटे झाली, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना हवे तसे घर आपोआप तयार झाले. आज तिथे २६५ जातींचे पक्षी आणि २४ जातींचे मासे नोंदलेले आहेत. १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव गेले. अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्या गाळाने पाखरांना बेटे दिली, त्याच गाळाबद्दल सायखेडा-चांदोरीकडचे शेतकरी काय सांगतात तेही ऐकावे. पावसाळ्यात नदीला फुगवटा येतो आणि पुराचे पाणी त्यांच्या शेतांत, घरांत शिरते. अभयारण्य म्हटले की नियम आले आणि मासेमारीवर बंधने आली. काठावरच्या माणसाने या उत्सवाची वर्गणी पावती न घेता भरलेली आहे.

आणि पाहुणे पाखरू म्हणजे पाण्यावर डौलात तरंगणारे बदक एवढेच नव्हे. भोरड्या कोणाला माहीत नाहीत? गुलाबी अंग, काळे डोके. त्याही परदेशातूनच येतात, मध्य आशियाच्या आणि त्याही पलीकडच्या गवताळ मुलखातून. तिकडे त्या टोळ खातात म्हणून शेतकऱ्याच्या मित्र. इकडे ज्वारी हुरड्यात आली की हजारोंचा थवा शेतावर उतरतो आणि माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवून फिरवून दमतो. संध्याकाळी त्याच भोरड्यांचा थवा आकाशात वळसे घेतो तेव्हा बघणारा थक्क होतो. दोन्ही खरे आहे. फक्त थक्क होणारा एक आणि दमणारा दुसरा.

इथे तुम्हाला तुकोबांचे आख्यान आठवले असेल. कीर्तनात हे मी किती वेळा सांगितले याची गणती नाही. महिपतींनी भक्तलीलामृतात ते लिहिले आहे. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखायला ठेवले आणि तो परगावी गेला. तुकोबा माळ्यावर बसले. पाखरे आली. ज्यांच्यात पांडुरंग दिसतो त्यांना हाकलायचे कसे? पाखरांनी पोटभर खाल्ले, मालक परत आला आणि कणसे पाहून कपाळाला हात लावून बसला. पुढे मळणी झाली तेव्हा धान्य नेहमीच्या कितीतरी पट भरले. इथे श्रोते टाळी वाजवतात. मृदंग वाजतो, विठ्ठल विठ्ठल होते आणि आख्यान संपते.

पण टाळीच्या आधी एक प्रसंग आहे, तो घाईत निसटतो. मालकाने तुकोबांना पंचांसमोर नेले. पंच बसले, शेताचे उत्पन्न किती व्हायचे याचा अंदाज घेतला आणि मालकाचे नुकसान भरून द्यायला हवे असे ठरवले. तुकोबांनी का-कू केली नाही. ‘दाणा देवाचा, पाखरू देवाचे, मग भरपाई कसली?’ असा वेदान्त त्यांनी पंचांना सांगितला नाही. तो सांगायचा अधिकार महाराष्ट्रात त्यांच्याइतका कोणाला होता? तरीही मालकाचे मापटे त्यांनी मान्य केले. चमत्कार नंतरचा. मालकाचा तोटा भरून निघाला आणि वरचे धान्य आले तेही तुकोबांनी घरी नेले नाही. महिपतींना नुसता चमत्कार सांगायचा असता तर पंचांची गरजच नव्हती. त्यांनी पंच बसवले, कारण गरीब मालकाचा प्रश्न त्यांनाही दिसत होता.

आणखी एक गोष्ट याच्या शेजारी ठेवा. तुकोबांच्या घरी सावकारी होती. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे पोरासोरांना ठाऊक आहे. पण बुडवण्याआधी काय केले? खतांचे दोन वाटे केले. अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. ‘तुझा वाटा तुझा, तुला संसार करायचा आहे.’ बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. मला वाटते, या एका कृतीत दयेचे सगळे हिशेबशास्त्र आहे. आपल्या वाट्याचे डोहात टाकायला माणूस मोकळा आहे. भावाच्या वाट्याला मात्र हात लावायचा नाही, पुण्यासाठीसुद्धा नाही.

नाथमहाराजांचेही तसेच. रामेश्वराच्या वाटेवर वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात त्यांनी गंगा ओतली ती आपल्या खांद्यावरच्या कावडीतली. शेजारच्या यात्रेकरूची कावड त्यांनी रिती केली नाही.

आता एक दूरचे उदाहरण सांगतो. ते आपल्या मुलखातले नाही, आपल्या संप्रदायातले नाही, आपल्या धर्मातलेही नाही. पण हिशेब तोच आहे, आणि त्यातले पाखरू आपल्याही आकाशातून जाते.

नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात पांगती नावाचे गाव आहे. लोथा नागा लोकांचे, ख्रिस्ती धर्माचे. जवळ डोयांग नदीवर वीजनिर्मितीचे धरण झाले. त्यात गावकऱ्यांची शेते बुडाली आणि बरेच लोक मासेमारीकडे वळले. त्या जलाशयावर दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे उतरतात. नाव ससाणा, पण अंग केवढे? वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेले हे पाखरू तिथे वाळवीच्या पाखांवर आणि किड्यांवर पोट भरते आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेच्या दक्षिणेला जाते. २०१३ साली उपग्रहाची यंत्रे बसवून तीन ससाणे सोडले. त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली होती. त्यांच्या वाटेची रेघ नकाशावर उमटली तेव्हा कळले की हे वाटसरू मध्य भारतावरून, आपल्या महाराष्ट्रावरून समुद्राकडे जातात.

२०१२ साली तिथे काय चालले होते ते ऐकून कानावर हात ठेवाल. मासे धरायची जाळी झाडांमध्ये उभी बांधायची. संध्याकाळी हजारो ससाणे विसाव्याला येत आणि त्यांत अडकत. दिवसाला बारा ते चौदा हजार पाखरे मारली जातात असा अंदाज तिथे गेलेल्यांनी मांडला. ती खाल्ली जात, विकली जात. गावात हंगामाचा पैसा येई, त्यातून मुलांची फी भरली जाई. बुडालेल्या शेताच्या बदल्यात हातात आलेले ते पीकच होते.

बातमी देशभर झाली. संस्था आल्या, वनखाते आले. पण कोणी बाहेरून येऊन ‘पाप करता’ म्हटल्याने गाव थांबले नाही. गावाची सभा बसली. चर्चमधून उपदेश झाला. ग्रामपरिषदेने बंदी घातली, मोडणाऱ्याला दंड ठरवला. आणि २०१३ च्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. एका वर्षात! ज्या गावाची जाळी जगभर बदनाम झाली त्याच गावात लोक आता ससाणे पाहायला जातात.

इथे माझा मुद्दा येतो, आणि तो आपल्याला थोडा टोचेल. टोचू द्या.

आपण माळकरी. आपण पाखरू मारत नाही, खात नाही. चांगलेच आहे. पण न मारण्यासाठी आपल्याला काय सोडावे लागले? माझ्यासारख्याच्या घरात तीन पिढ्यांत कोणी मांस चाखलेले नाही. मला पाखराची दया येते तेव्हा माझ्या ताटातले काहीच कमी होत नाही. पांगतीच्या माणसाच्या ताटातले कमी झाले. त्याने हंगामाची मिळकत सोडली, चव सोडली, सवय सोडली. मग कोणाची दया वजनदार, ते तराजूवाल्याने सांगावे.

कोणी म्हणेल, ‘बुवा, मांसाहारी माणसाला आमच्या वर बसवता?’ वर-खाली कोणालाच बसवत नाही. आपल्या संप्रदायात सजन कसाई संतांच्या मालिकेत आहे. त्याच्या दुकानात तराजूला वजन म्हणून शाळिग्राम होता, आणि देवाला त्या तराजूत राहणे आवडले. तेव्हा कोणाची भक्ती कुठे उभी आहे हे आपण ताटावरून ठरवू नये, एवढे तरी आपल्याला शिकवलेले आहे. मी फक्त विचारतो की आपल्या वाट्याची कर्जखते कोणती?

मला वाटते, ती गोदावरीत आहेत. नकाशा डोळ्यांपुढे आणा. वर ब्रह्मगिरी, त्याच्या पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी. गोदावरी तिथून निघते, नाशकात रामकुंडावर येते, पुढे नांदूरमध्यमेश्वरला कादवेला भेटते आणि तशीच वाहत नाथांच्या पैठणाला जाते. तिथल्या धरणाच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो, त्यावरही हिवाळ्यात पाखरे उतरतात. म्हणजे दोन नाथांच्या मधल्या वाटेवर या पाहुण्यांचा मुक्काम आहे. आता वरच्या अंगाला आपण जे जे नदीत सोडतो ते कुठे जाते? निर्माल्य, कापूर-उदबत्तीच्या पिशव्या, जुनी वस्त्रे, पत्रावळी हे सगळे खाली जाते. शहराचे सांडपाणी त्यात मिसळते, ते पाणी बंधाऱ्याशी थबकते आणि त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. तो गालिचा दिसायला सुंदर, पण त्याखाली पाण्याचा श्वास कोंडतो. आपण रामकुंडावर पुण्य घेतो आणि त्याची घाण थापट्या आणि चक्रवाकांच्या अंगणात पोचते. शेतकऱ्याला ‘चार दाणे सोड’ म्हणण्याआधी आपण काय सोडणार आहोत? इथे आपली मिळकत बुडत नाही, पोरांची फी थांबत नाही. एक पिशवी परत घरी न्यावी लागेल, इतकेच. पांगतीच्या मानाने फारच स्वस्तात सुटतो आपण.

अतिथीचा खर्च कसा करावा हे वारीच्या वाटेवरची गावे जाणतात. पालखीचा मुक्काम आला की गाव स्वतःच्या कणगीतले काढते. कोणी पिठले-भाकरी देतो, कोणी पाय चेपतो, कोणी ओसरी मोकळी करतो. त्या गावाला कोणी बाहेरून येऊन ‘अतिथीधर्म पाळा’ असे व्याख्यान दिलेले नाही. आणि पालखी पुढे गेल्यावर मागे उरलेली घाणही तेच गाव उचलत आले आहे. आता निर्मळ वारीचे प्रयत्न होतात, स्वयंसेवक झटतात. पण वर्षानुवर्षे यजमानाने ते मुकाट सोसले. आपण ज्यांच्या दारी पाहुणे असतो त्यांच्या खर्चाची आठवण असणारा वारकरी पाखरांच्या यजमानाला विसरणार नाही असे वाटते. म्हणून पक्षी महोत्सवात मला एक गोष्ट मनापासून आवडते. काठावरच्या गावांतली पोरे तिथे वाटाडे होतात. पाखरांची नावे त्यांना तोंडपाठ असतात, आणि पाहुण्यांच्या निमित्ताने चार पैसे त्यांच्याही हाती पडतात. यजमानाच्या वहीत खर्चाबरोबर थोडी जमाही पडते ती अशी.

पण भोरड्यांच्या ज्वारीवाल्याचे काय? रानडुकराने शेत उकरले तर पंचनामा होतो. भोरड्यांच्या थव्यासाठी पंच बोलावलेले माझ्या पाहण्यात नाहीत. देहूच्या पंचांनी जो प्रश्न हाती घेतला तो अजून पुष्कळ गावांत कोणी हाती घेतलेला नाही. मी सरकारदरबारचा माणूस नाही, उपाय मला सांगता येणार नाही. पण उत्सवाच्या मांडवात चक्रवाकाच्या चित्राशेजारी एक खुर्ची त्या राखणदारासाठी असावी, आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी आधी त्याचे ऐकावे, एवढे मागायला काय हरकत आहे?

जाता जाता, उत्सवाला जाणाऱ्यांना एक विनंती. आपल्याला टाळ-मृदंगाची सवय. जिथे जाऊ तिथे गजर करायचा आणि फुगडी घालायची. पाखरांच्या दारी ते चालत नाही. काही ठिकाणी मांडवात कर्णे लावून भाषणे होतात, गाणीही लागतात. ज्याच्या मानासाठी मांडव घातला त्यालाच उडवून लावायचे, हे कसले स्वागत? गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही तर आपण कळसाचे दर्शन घेतो आणि वारी पोचली मानतो. इथेही कळसाचेच दर्शन घ्यावे. काठाला उभे राहावे, रंगीत भडक उपरणे काढून ठेवावे, मोठ्याने बोलू नये. पाखरू मान वर करून आपल्याकडे पाहू लागले तर आपण फार जवळ आलो असे समजावे आणि दोन पावले मागे यावे.

यंदा त्र्यंबकेश्वरची एकादशी करून द्वादशीला माघारी निघाल, तेव्हा निफाडकडून जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करावी. पहाटे धुके निवळते तोवर काठावर बसा, मनात नाम चालू असू द्या. चक्रवाकाची जोडी दिसली तर सोळावा अध्याय आठवेलच. आणि येताना एखाद्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसलेला माणूस दिसला, तर गाडी थांबवा, उतरा, राम कृष्ण हरी म्हणा आणि त्याला विचारा, ‘दादा, यंदा किती गेली?’

॥ राम कृष्ण हरी ॥